आईसाठी, बाटलीतलं

पूर्णा, ता. भिवंडी
१२ फेब्रुवारी २००७

चि. रुचिकास,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते तरी फाडण्याआधी वाच.

दिवाळीत तू तुमच्या ठाण्याच्या हॉटेलातला तो जपानी सॉस घेऊन आलीस. टायफॉइडनंतर आईची चव गेली होती, चार घासांवर पाचवा जात नव्हता. तुझा सॉस लावलेल्या भाकरीवर मात्र ती तुटून पडली. पुरवून वापरली तरी दोन महिन्यांत बाटली संपली आणि आईने पुन्हा ताट सरकवलं. मी तुला फोन करून दुसरी बाटली मागितली, नाहीतर कृती तरी सांग म्हटलं. तू काय म्हणालीस? "आक्का, भाविकनी ते जहाजावर जपानी कुककडून शिकलंय. धंद्याचं गुपित आहे, घरात पण सांगत नाहीत."

घरात पण! बरं, म्हटलं, आम्हीच शोधतो.

बाटलीच्या तळाशी राहिलेला सॉस काडीने चाखून चाखून ओळखायला बसले. सोया सॉस, आलं, लसूण लगेच कळले. पहिला घाणा नुसता काळा आणि खारट झाला. दुसऱ्यात गूळ घातला, तर गुळाचाच वास. संक्रांतीचे तीळ उरले होते, ते भाजून वाटले, तेव्हा कुठे जवळ आला. पण एक आंबटगोड काहीतरी राहतच होतं. ते सापडलं आईच्याच उशाशी. भेटायला येणारा प्रत्येकजण सफरचंदं घेऊन येतो, ती पडून सुरकुततात. एक किसून कढवलं आणि माझी मीच ओरडले.

वाटीत घेऊन आईकडे गेले. जिभेवर लावून म्हणाली, "त्यो न्हाय." चार दिवस चार वेळा दिला. चारही वेळा, "त्यो न्हाय गो, तुला न्हाय जमणार."

मग दहा-बारा दिवसांपूर्वी शेजारचा दामू आला. आपलं भाताचं खाचर ज्या गोदामाखाली गेलं ना, तिथेच तो ड्युटीला आहे. त्याच्या हातात पाच लिटरचा फुटका कॅन, निम्मा भरलेला. वर छापलेलं, जपानी पद्धतीचा सॉस. सोया, आलं, लसूण, तीळ, सफरचंद, सगळं लिहिलेलं. म्हणाला, "भाविक भावोजींच्या हॉटेलचा टेम्पो दर शुक्रवारी येतो, सहा कॅन नेतो."

कसलं जहाज आणि कसला कुक, रुचिका? सॉस आपल्याच शेतावरून जात होता. टेम्पो आपल्या दारावरून जात होता. त्यात बसून तुला एकदा येता आलं नाही? नवऱ्याची फुशारकी झाकायला तू आईला उपाशी ठेवलंस. मला संताप आला, अजून आहे.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. कॅनमधला सॉस मी आईला वाटीत दिला. अगदी तोच, तुमचा. म्हणाली, "त्यो न्हाय."

तेव्हा मी तुझी रिकामी बाटली धुतली. तुझ्या अक्षरात 'आईसाठी' लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर होतीच. त्यात माझाच सॉस भरला, चार वेळा नाकारलेला, आणि म्हटलं, रुचिकाने पाठवलाय. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. बोटं चाटून म्हणाली, "हाच त्यो. माझे पोरीच्या हातचा."

तिचं पथ्यपाणी मी करते, तिला न्हाऊ-माखू मी घालते, आणि पोरगी तू. तिथेच उभी होते मी, हातात तवा घेऊन.

तिला खरं सांगावं असं रोज जिभेवर येतं. सांगणार नाही, कारण मग ती परत ताट सरकवेल. म्हणून रोज तुझ्या नावाने खोटं बोलते आणि रोज तुझा जास्त राग येतो.

येत्या शुक्रवारी टेम्पोबरोबर ये. सॉस आणू नकोस, तो माझा चांगला होतो. बाटलीला तेलकट हात लागून तुझं अक्षर पुसत चाललंय. त्यावर मी पेन फिरवणार नाही.

तुझ्या नावाने रांधणारी,
आक्का