सेमिसीच्या फोनवर लुपेचा मेसेज

२ जून, सोमवार
आजपासून फोन बंद. चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर म्हणून आदर्श घालून द्यायला हवा. फक्त सूर लावण्यापुरता वापरणार. आणि वेळ बघायला. आणि कोणी गेलं-बिलं तर.
संध्याकाळी सरावात खर्जातला सेमिसी पुस्तकाआड खाली बघून हसला. लगेच पहिल्या रांगेत माझ्या बायकोचा, लुपेचा, फोन वाजला. लक्षात ठेवलंय.

३ जून, सकाळ
रताळी सोलताना लुपे फोनकडे बघून हसली. कोण म्हणून विचारलं. म्हणाली, ऑकलंडची बहीण. बहिणीच्या मेसेजला असं कोणी हसतं?

५ जून
सरावाआधी सगळ्यांचे फोन टोपलीत जमा. माझा नाही, कोणाकडे तरी असायला हवा. टोपली माझ्या पायाशी. आत गुरगुर झाली की वाकून बघावंच लागतं. सेमिसी म्हणाला, "मास्तर, ताल सुटला." मी म्हणालो, मुद्दाम सोडला.

६ जून
आजही सरावात टोपलीत वाकलो तेव्हा सेमिसीच्या फोनवर लुपेचा दुपारचा मेसेज दिसला. 'त्याला काही कळू देऊ नकोस.'
जेवण गेलं नाही. अळूच्या पानातलं मटण होतं, म्हणून दोनदा घेतलं.

७ जून
वावाऊ बेटावरची मेले नावाची विधवा म्हणून नवीन खातं उघडलं. सेमिसीला लिहिलं, 'तुमचा आवाज फार आवडतो.' लगेच उत्तर आलं. 'मास्तर, सोमवारचा सराव पाचला ना?'
माणूस भलताच बेरकी आहे.

११ जून
फोन खरोखर बंद केला. नीट बंद झालाय का, हे बघायला पुन्हा चालू केला. मग राहूनच गेलं.

१५ जून, रविवार
राजधानीत, नुकुअलोफाला, गायकवृंदांची स्पर्धा. फोन भजनांच्या पुस्तकात ठेवला होता, केवळ सावधगिरी म्हणून. खाली एक नजर टाकली. वर बघतो तर गाणं सुरू झालेलं! माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे सेमिसीकडे. तो मांडीवर बोटाने ताल देत होता. मी त्यांच्या मागोमाग हात हलवत राहिलो.
पहिला नंबर आला.
बाहेर आल्यावर लुपेला गाठलं. "काय चाललंय तुमचं दोघांचं?"
"तुझी मान खाली गेली की सेमिसीकडे बघायचं, असं ठरवलं होतं सगळ्यांनी. गाणं कोसळलं असतं, विलिआमी."
"मला सांगायचं तरी!"
"फोन ठेव म्हणून किती वेळा सांगितलं. तू 'हं' म्हणालास."
"आणि ते लपवणं?"
"तुला वाईट वाटेल म्हणून."
मला अजिबात वाईट वाटलं नाही.

१६ जून, संध्याकाळ
पाद्रीबाबा येऊन गेले. मास्तर मीच, सराव मात्र यापुढे सेमिसी घेणार. वयाचा मान राखतात लोक. लुपे सरावाला गेली आहे. आता मेसेजना नीट, सावकाश उत्तरं देता येतील.
सकाळपासून एकही आलेला नाही.