खंडेनवमीची सर्व्हिसिंग

सोम., २२ सप्टेंबर
घटस्थापना. दिवसभर फोन. मालाडचा रोलर: "उद्या नक्की पाठवतो." वाकोल्याचे टिपर: "मॅडम, दोन दिवस द्या ना यार." मी बोर्डावरची सर्व्हिसची तारीख पुसायची, पुढची लिहायची, परत पुसायची. बोर्डाचा तेवढा कोपरा काळा पडलाय. बंद पडलेली गाडी हे लोक रडत रडत यार्डात आणतात. चालू गाडी सर्व्हिसला मागितली की यांना दहा कारणं सुचतात.

सगळ्यात वाईट घाटकोपर साइट. तिथली चार नंबरची हायड्रा क्रेन गणपतीच्या आधीच यायला हवी होती. साइट इंजिनिअर पाटणकर म्हणतो, "चालतेय ना? मग धडधाकट माणसाला कशाला डॉक्टर?" आणि हसतो. असं डोकं फिरलं ना!

बुध., २४ सप्टेंबर
शेवटी गेल्या वर्षीचाच उपाय. सगळ्या साइटना सांगितलं, खंडेनवमीला गाड्या मुलुंडला यार्डात आणा, पूजा आहे. एकानेही नाही म्हटलं नाही. सर्व्हिसला सोडत नाहीत, देवाला सोडतात. हार पडायच्या आत रफिकभाईची माणसं गाड्यांखाली घुसणार. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सगळं उरकायचं. रफिकभाई आमचे फोरमन, त्यांना हा बेत मनापासून आवडतो.

पाटणकरसुद्धा लगेच कबूल. चार नंबरचा ऑपरेटर दत्ताराम तर खूश. त्याचाच फोन, "बाय, माझ्या गाडीचो हार मोठो व्हयो हां." मालवणचा माणूस, गाडीवर लेकीसारखा जीव.

पप्पा: "बौद्धाची पोर तू, आणि मशिनींना हार घालतेस?"
"हार भटजी घालतात पप्पा, मी ऑइल घालते."
खंडेनवमीच्याच संध्याकाळी आमची नागपूरची गाडी. दीक्षाभूमीला दरवर्षी एकटे जातात. यंदा गुडघा धरलाय म्हणून पहिल्यांदाच म्हणाले, तू चल. जाणार म्हणजे जाणार.

शुक्र., २६ सप्टेंबर
घाटकोपरला जाऊन आले. चार नंबर बघितली. बूमच्या, म्हणजे क्रेनच्या लांब हाताच्या बुडाशी, वेल्डिंगच्या कडेला, केसाएवढी रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंज. रंग तडकला असेल. लोखंड तडकलं असेल. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. पांढऱ्या मार्करने गोल केला, फोटो काढला, रफिकभाईंना पाठवला.
"रंग निकालके लाल डाय मारना पडेगा मॅडम. क्रॅक होगा तो लाइन दिख जाएगी."

गाडी आत्ताच थांबवा म्हटलं तर पाटणकर मी वेडी असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. सावंतसाहेबांना फोन लावला. मालकच ते, त्यांचं म्हणणं, बुधवारी येतेच आहे ना, तोवर हलकी कामं करू दे. मी बरं म्हटलं.
का म्हटलं?
दत्ताराम जेवायला गेला होता, भेटला नाही. त्याला सांगायला हवं.

सोम., २९ सप्टेंबर
बुधवारचा क्रम लावला. चार नंबर सगळ्यात आधी. चिरेत झिरपणारा तो लाल डाय आणून ठेवला. एका जागी बसवत नाहीये. घाटकोपरचा फोन दिसला की पहिल्या रिंगलाच उचलते. त्या बूमखाली माणसं उभी राहतात, दोरी धरून वजन वळवतात. हलकं काम म्हणजे नक्की किती हलकं, ते कोण बघतंय तिथे?
पप्पांनी बॅग भरली. माझीही.

बुध., १ ऑक्टोबर
वाट लागली.

टिपर आले, रोलर आला, कामं पटापट चालली होती. चार नंबर उशिरा आली. फाटकातून आत शिरली तशी सगळे टाळ्या वाजवायला लागले. नवी कोरी पिवळीधमक. कालचा अख्खा दिवस दत्ताराम स्वतः रंगवत होता.
"बघ बाय, कशी नवरी दिसता!"
मी बूमच्या बुडाशी गेले. गोल नाही. रेघ नाही.
"हय गंज इल्लो. घासलंय, लांबी भरलंय, मगे दोन हात मारलंय."
लांबी! रंगाआधी खड्डे बुजवायची ती पुट्टी चिरेत भरली! रफिकभाईंनी खरवडलं, डाय मारला. काही नाही. "मॅडम, लांबी अंदर बैठ गई. अब डाय को जाने का रास्ताच नहीं. मशीनवाला टेस्टर बुलाओ." टेस्टर गावाला गेलाय, शनिवारी येणार.

दत्तारामचा चेहरा उतरला. "माका सांगूक व्हया होता गो." खरंय. इंजिनिअरला सांगितलं, मालकाला सांगितलं, जो गाडी चालवतो त्याला नाही. आणि पूजेला हे लोक गाड्या रंगवतात हे मला माहीत नव्हतं? मीच तर पूजेला बोलावलं. स्वतःचाच इतका राग आला की रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात पाटणकरचा फोन. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर साइटवर शेडचा पहिला खांब उभा करायचाय, बिल्डर सहकुटुंब येणार, क्रेन आत्ताच्या आत्ता परत पाठवा. साहेबांनी मला बाजूला घेतलं.
"रफिकला काही दिसलं का?"
"नाही दिसलं."
"मग गाडी सोडायच्या कागदावर कर सही."
"दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं साहेब."
"सुजाता, मुहूर्त आहे. सणासुदीला अपशकून करू नकोस."
मुहूर्ताची लालूच दाखवून मीच गाड्या जमवल्या, आता तोच मुहूर्त माझ्या मानगुटीवर. सही केली नाही. माझ्याशिवायही त्यांनी पाठवलीच असती, सही काय नंतर घेता येते. साहेब आरतीला गेले आणि मी रफिकभाईंना म्हटलं, बूमच्या जॅकचे पाइप उतरवा, सील काढा.
"साहब पूछेंगे तो?"
"मॅडमने सांगितलं म्हणा."
सील एकदा काढलं की नवं लागतं, त्याशिवाय बूम उचलत नाही, आणि नवं आज मिळत नाही. आरती संपली तेव्हा गाडीखाली तेलाची परात होती. साहेबांनी वाकून परात बघितली. जाताना एवढंच, "उद्या ऑफिसला ये."
म्हणजे नागपूर नाही. दादरला पप्पांना गाडीत बसवून दिलं. "थांब तू, मी काय लहान आहे?" म्हणाले. डब्यात चढताना दांडी दोन्ही हातांनी धरली.

गुरु., २ ऑक्टोबर
दसरा. यार्डातल्या ऑफिसात साहेब, मी आणि वाळलेले हार. घाटकोपरला बाहेरून दुसरी क्रेन मागवली, खांब उभा राहिला, पेढे वाटले. म्हणजे आभाळ काही कोसळलं नाही. साहेबांनी तेच सुनावलं, आणि घाटकोपरवाले यापुढे आपल्या गाड्या घेणार नाहीत हेही. "टेस्टरला चीर सापडली तर तू बरोबर. नाही सापडली तर हे टेबल दुसऱ्याला देतो."
साहेबांना तरी काय बोलू? पंधरा माणसं पोसतात.

पप्पांचा फोन. मागे एवढी गर्दी की "पोचलो" एवढंच कळलं. गुडघ्याचं विचारलं, ऐकूच गेलं नाही त्यांना.

शुक्र., ३ ऑक्टोबर
दत्ताराम फोन उचलत नाही. त्याची गाडी उभी म्हणजे तोही घरी बसून. साहेब समोरून गेले, बघितलं नाही. बोर्डावर पुढच्या महिन्याच्या तारखा लिहायला घेतल्या. अर्ध्यातच सोडल्या.

शनि., ४ ऑक्टोबर
टेस्टर आलाय. हे यार्डात बसूनच लिहितेय, नाहीतर हातांचं काय करू ते कळत नाही.
दत्ताराम माझ्याआधी हजर. न सांगता पॉलिश पेपर घेऊन बूमच्या बुडाशी बसला आणि स्वतः लावलेला रंग स्वतःच काढायला लागला. लोखंड उघडं लागतं ना टेस्टरला. मी चहा नेऊन दिला. घेतला. घासता घासता, वर न बघता,
"चीर गावली तर माझा चुकला. नाय गावली तर तुजा."
मी म्हटलं, हो.

पण खरं तेवढंच नाही. बुधवारपर्यंत मला वाटत होतं चीर नसू दे, कुणाला काही होऊ नये. आज सकाळपासून मनात एकच, असू दे. निघू दे. भली मोठी निघू दे. रंग जवळजवळ निघालाय, टेस्टर वायरी लावतोय. दत्ताराम हातरुमालाने तेवढी जागा पुसतोय, लेकराचं तोंड पुसावं तशी, आणि मी त्याच्याच गाडीत चीर निघावी म्हणून वाट बघत बसलेय.