शेणामातीची सामुद्रधुनी

सर, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. आता रागवायचं म्हटलं तर ऐकायला कोण हाय? तरी लिहिते. रेणापूरच्या शाळेमागं तुम्ही आमच्याकडून मातीचा आशिया करून घेतलात. पोरांना हिमालय रचायला दिला, आम्हा पोरींना समुद्र सारवायला. आखाताच्या तोंडाशी होर्मुझच्या सामुद्रधुनीत माझी दोन बोटं मावेनात, म्हणून मी ती जराशी रुंद केली. तुम्ही त्याच बोटांवर छडी मारलीत. "स्वयंपाकघर हाय का तुझं, ऐसपैस करायला? देवानं ठेवली तेवढीच वाट. तिथं ज्याचा किनारा त्याचा हुकूम. भूगोलापुढं कुणाचं चालत न्हाई!" वर्ग हसला. मी मात्र तुमचं बोलणं पोथीतल्या ओवीसारखं धरलं. मॅट्रिकच्या पेपरात तेच लिहिलं, मार्कही मिळाले.

आज तिथं लढाई पेटलीय आणि माझा लेक त्याच तोंडाच्या आत अडकलाय. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. काल फोन लागला. "आई, नुसते थांबून राहिलो. पुढच्या जहाजावर गोळा पडला." मला सुचलं काय, तर "जेवलास का?" हसला. "मीच रांधतो, मला कोण उपाशी ठेवतंय?" तेवढ्यात फोन तुटला. आमचे हे म्हणतात, "वाटच चिंचोळी, कोण काय करणार?" टीव्हीवरचा कोटवालाही तेच सांगत नकाशावर काठी फिरवतो. मला ती तुमची छडीच दिसते.

अंगाची आग होते, सर. वाट देवानं अरुंद केली असेल, तिच्यावर तोफा देवानं नाही मांडल्या. मी दोन्ही वेळा दिवा लावते. माणसांचं पाप त्याच्या नावावर खपवून घेणार नाही. आमच्या गल्लीचा बोळही अरुंदच हाय. समोरून तिरडी आली की नवरदेवाची वरात मागं सरते, बँडवाले मुकाट उभे राहतात. ते कुणी छडी मारून शिकवलं नाही. एवढं साधं तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहील देवघरात. एक मात्र सांगते. त्याच वाटेनं येणारा गॅस येईना म्हणून परवा अंगणात चूल घातली. उरलेली माती टाकवेना. तुळशीपाशी बसून तुमचं आखात केलं, तोंडाशी सामुद्रधुनी केली, अगदी तुम्ही दाखवली होती तेवढीच. मग तिच्यात दोन बोटं घातली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा दोन्ही हात घातले.