एका तासाची बॅटरी

१८ ऑगस्ट

आणलाच शेवटी! मी नाही म्हणत असताना, अकोल्याहून, एसटीत मांडीवर घेऊन. याला लॅपटॉप म्हणायचं! सतरा इंची पडदा, चार किलो वजन, वर अ‍ॅडाप्टर — तो निम्म्या विटेएवढा. दुकानदाराने गोकुळला सांगितलं म्हणे, "डेस्कटॉपच्या जागी हाच ठेवा, दुसरं काई लागत नाई." आणि आमचा डेस्कटॉप? तो त्याच दुकानात बदल्यात गेला. सकाळी पोत्यात घालून नेताना मला म्हणाला होता, "साफ करून आणतो." अकरा वर्षं माझ्या पायाशी होता तो.

मिक्सिंग — लग्नाच्या फिल्मा कापणं, जोडणं, गाणी टाकणं — माझं, कॅमेरा गोकुळचा. बावीस वर्षं असंच. जळगाव जामोदात पाटीवरचं नाव कोणी घेत नाही, "दोघा भावाचा स्टुडिओ" म्हणतात. मग भावाने माझं न ऐकता मशीन का बदललं? टेबलावरून हलत नव्हतं ते आता हलणारं का हवं झालं? कुठे न्यायचंय?

१९ ऑगस्ट

बोट लावलं की उघडतं. गोकुळचं बोट. माझं घेतच नाही! पूर्वी डार्करूमच्या पाण्यात हात घालून घालून बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. "दादा, तू पिन टाकत जा ना." म्हणजे मालक तो, मी चौकीदार.

नियम करून टाकला: आम्हा दोघांशिवाय कोणी हात लावायचा नाही. माझी बायको छाया घर-दुकानाच्या मधल्या दारात उभी होती, तिलाही ऐकवलं. म्हणाली, "मी काऊन लावू?"

२३ ऑगस्ट

खरं ते लिहितो. आज लाईट गेली तेव्हा रेंडर ९१ टक्क्यांवर होतं. पूर्वी यूपीएस कोकलायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आज पडदा विझलासुद्धा नाही. आणि जुन्यावर चार तास घेणारी फिल्म आता चाळीस मिनिटांत होते. मान्य.

पण पंखा असा ओरडतो की गिऱ्हाइकाला वाटतं मागे पिठाची गिरणी आहे. हाताखाली इतकं तापतं की मी रुमाल घालून टाइप करतो. बॅटरी फार तर एक तास. जुन्याचा डबा मी स्वतः खोलायचो, धूळ फुंकायचो. याचा एक स्क्रू काढायला खामगाव गाठावं लागेल. हे सगळं गोकुळला माहीत नव्हतं, की माहीत असून गप्प बसला?

छाया चहा घेऊन आली ती मागेच उभी राहिली. पडद्यावर नवरीची पाठवणी चालली होती. "एवढी गाणी काऊन लावता हो? पोरीचं रडनं तं ऐकू येऊ द्या." म्हटलं, तू भांडी बघ.

१ सप्टेंबर

कळलं! काल शेगावला एका मुख्याध्यापकांचा निवृत्तीचा कार्यक्रम होता. गोकुळ कॅमेऱ्याबरोबर मशीनही घेऊन गेला. सकाळचा सत्कार दुपारी जेवायच्या आत पडद्यावर दाखवला. लोक उभे राहिले म्हणे. चौघांनी नंबर घेतला. कोणाचा? गोकुळचा!

वर सहज म्हणून सांगतो, "स्टेशन रोडवर एक गाळा रिकामा हाये, दादा." सहज कोणी गाळे बघत नाही.

मशीन खांद्याला लावून गोकुळ शेगावला बसला तर इथे काय उरतं? मी, एक टेबल आणि बावीस वर्षांचे अल्बम. माझा हात आता कॅमेरा धरताना कापतो. गोकुळ गेला तर स्टुडिओ गेला. आणि भाऊ गेला तो वेगळाच. भीती वाटते. इथेच लिहू शकतो हे.

३ सप्टेंबर

उपाय सापडला. अ‍ॅडाप्टर! तो नसेल तर हे धूड तासाभराने मुकं. दुपारी एकला शटर पाडून मी चारपर्यंत आत झोपतो, तेव्हा अ‍ॅडाप्टर माझ्याबरोबर. झोपताना उशाशी. छाया हसली. हसू दे.

शिवाय बंद करताना बॅटरी किती आहे ते लिहून ठेवायचं.

४ सप्टेंबर

एक वाजता ९८. चार वाजता ९८.

५ सप्टेंबर

एक वाजता १००. चार वाजता ४४!

शटरची दुसरी किल्ली गोकुळकडे. तो राहतो बसस्टँडमागे, पाच मिनिटांवर. मी विचारलं, दुपारी कुठे होतास? "घरी. जेवून पडलो होतो." छान! सगळेच पडलेले, आणि बॅटरी आपली आपण उतरते.

८ सप्टेंबर

९९ — ३७.

११ सप्टेंबर

पिन बदलला. १०० — ४०. अर्थात! त्याला पिन कशाला? बोट आहे ना. ते बोट मशीनमधून काढायचं कसं ते मला येत नाही आणि विचारायचं कोणाला — त्यालाच?

१६ सप्टेंबर

सुनगावचे कडूबाजी पेढे घेऊन आले. मुलीच्या लग्नाची फिल्म पाहून घरातली सगळी रडली म्हणे. "पाठवनीत गानं नाई, बाजा नाई. निस्त्या बांगड्या वाजून राह्यल्या आन पोरगी हुंदके देऊन राह्यली. कसं सुचलं हो तुमाले?"

मला नाही सुचलं. मी तिथे सनई टाकली होती, चांगली चार मिनिटं. पेन ड्राइव्ह गोकुळने पोचवला. म्हणजे दुपारी चोरून बसतो तो माझंच काम पुसून आपलं करायला! गिऱ्हाइकाला आपला हात दाखवून ठेवतोय. उद्या शेगावला पाटी लागली की हेच कडूबाजी तिकडे जाणार.

पेढा खाल्ला.

सगळ्यात वाईट हे की रात्री मी ती फिल्म पाहिली. चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. बाबा होते तेव्हापासूनचा रिवाज — कॅमेरे, ट्रायपॉड, दिवे पाटावर मांडायचे, पूजा करायची आणि दिवसभर कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांना विश्रांती. डेस्कटॉपच्या डब्याला दरवर्षी झेंडूचा हार घालायचो. यंदा याच्या मिटलेल्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर मूठभर अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. पूजा करण्यापूर्वी पाहिलं — ९७.

गोकुळ आरतीला होता. नंतर सासुरवाडीला गेला, मोताळ्याला. असं म्हणाला.

२ ऑक्टोबर

पाटावरून मशीन उचलायला गेलो. स्वस्तिक फिसकटलेलं. अक्षता निम्म्याच. उरलेल्या झटकून उघडलं — ५२.

खंडेनवमीच्या दिवशी! देवासमोर ठेवलेल्या यंत्रालाही सोडलं नाही. दसऱ्याला गोकुळ सोनं द्यायला आला, पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत इतकंच.

६ ऑक्टोबर

पंख्यातून खरखर आवाज. कोणीतरी दात खात असल्यासारखा.

९ ऑक्टोबर

बंदच पडलं. आसलगावच्या लग्नाची फिल्म अर्ध्यावर. खात्रीने काहीतरी केलंय गोकुळने आत. हे बिघडलं की दुसरं घ्यायला निमित्त!

११ ऑक्टोबर

खामगावला नेलं. बसमध्ये चार किलो मांडीवर, खांदा दुखतोय. दुरुस्तीवाला हरिओम म्हणून आहे. मागचा पत्रा काढला आणि माझ्याकडे बघत राहिला. "दादा, आत भात लावता का तुमी?" पंख्यात तांदूळ! कुंकू लागलेले, लाल. दोन वाळक्या झेंडूच्या पाकळ्या. चिमट्याने एकेक काढून कागदावर ठेवले. बाकीची दोन गिऱ्हाइकंही बघायला आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणाला, "डेस्कटॉपवर चालून जाते. याच्या मागं जाळी असते. झाकन उघडलं की वरच्या अक्षता मागं घरंगळते आन सरळ आत."

झाकण उघडलं की. बरोबर! मिटलेल्या झाकणावरून तांदूळ आत जात नाही. मी त्या दिवशी उघडलं नाही. पुरावा हातात आला.

मी बॅटरी उतरण्याचं विचारलं. "कधीकधी बंद केल्यावरबी आत चालूच राह्यते हो." बरं. आणि स्वस्तिकही आपलं आपण फिसकटतं का?

१२ ऑक्टोबर

बोललो. तांदळाची पुडी गोकुळसमोर काउंटरवर उघडली. बॅटरीचे आकडे वाचून दाखवले. शेगावचा गाळा काढला. कडूबाजींचे पेढेही काढले. म्हटलं, चोर बाहेरून येतो असं ऐकलं होतं!

छाया मधल्या दारात होती. गोकुळने एकदा तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाला, "हाव. मीच उघडलं."

किल्ली काउंटरवर ठेवली. स्वतःचा कॅमेरा घेतला. मशीनला हातही लावला नाही. "तुले एवढं वाटते तं ठेव तू." गेला.

मी बरोबर होतो. त्याने कबूल केलं. मग जेवण का गेलं नाही?

२३ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. सबंध दिवाळीत गोकुळ आला नाही. त्याची बायको सारिकाही नाही. छाया जेवढ्यास तेवढं बोलते. दोनदा म्हणाली, "मले काई सांगायचं हाये." म्हटलं, त्याची वकिली करायची असेल तर राहू दे.

२९ ऑक्टोबर

सवयीने आकडा लिहिला होता. एक वाजता ९६. चार वाजता ४१.

किल्ली माझ्याकडे आहे.

३० ऑक्टोबर

दुसरी किल्ली करून घेतली असणार. शटरचं कुलूप बदललं.

३ नोव्हेंबर

१०० — ३९. नवं कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या करदोट्याला. आता मलाच माझी लाज वाटायला लागली आहे, पण कशाची ते कळत नाही.

५ नोव्हेंबर

आज झोपलो नाही. नुसते डोळे मिटले. दीडला उठलो, अनवाणी गेलो, मधलं दार लोटलं.

छाया.

माझ्या खुर्चीवर, पदर खोचून, कानात हेडफोन. पडद्यावर आसलगावची पाठवणी. तिला माझी चाहूल नव्हती. नवरीचा भाऊ गाडीचं दार लावतो आणि हात तसाच काचेवर ठेवतो — ते मी दोनदा पाहून कापून टाकलं होतं. तिने परत आणलं. बोटं न बघता फिरत होती. मी अजून कळफलकाकडे बघून एकेक बटण शोधतो.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग तिने पाहिलं. दचकली नाही.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. भाऊजीनं शिकवलं. बोटबी त्याईनंच टाकून देल्लं."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुमी म्हनले, तू भांडी बघ."

खंडेनवमीचं विचारलं. "मीच उघडलं. भाऊजी तं मोताळ्यात होते, तुमालेबी माहीत होतं. डोक्यात आसलगावची फिल्म घोळून राह्यली होती. एक तासाची बॅटरी ठेवता तुमी मांगं, त्यातच उरकाव लागते. अक्षता पडल्या ते ध्यानातच नाई आलं."

"मग त्याने हो का म्हटलं?"

"मी दारातून मान हलवली होती, सांगू नका म्हनून. वाटलं, दोन दिवसानं उतरन तुमचा राग. मंग सांगन. तं ते गेलेच."

मशीन टूंऽ करून विझलं. बॅटरी संपली. आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो.

६ नोव्हेंबर

बावीस वर्षं ज्याने माझ्याबरोबर मांडवात उपाशी दिवस काढले त्याला मी चोर म्हटलं.

फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. "चुकलो रे," म्हटलं. एवढंच जमलं. तो म्हणाला, "जाऊ दे, दादा." मग मी म्हटलं, उद्या ये, लग्नं तोंडावर आलीत. तिकडे मागे हातोडीचा आवाज येत होता.

"आता बोर्ड लागून राह्यला इथं," गोकुळ म्हणाला. "स्टेशन रोडवर. पंधरा दिवस झाले गाळा घेऊन."

मी चोर म्हणेपर्यंत त्याच्या मनात नव्हतं म्हणे. मीच बोलून ते त्याच्या डोक्यात घातलं.

७ नोव्हेंबर

मिक्सिंग सुरू केलं. एका पाठवणीला तीन तास. सनई काढली, ठेवली, काढली. छायाला म्हटलं, बस इथे, दुपारचंच कशाला, दिवसभर बस, अ‍ॅडाप्टर लावून बस. तिने पोळ्या लाटता लाटता ऐकून घेतलं.

१७ नोव्हेंबर

छाया सकाळी आठच्या एसटीने शेगावला गेली. गोकुळच्या स्टुडिओत, मिक्सिंगला. संध्याकाळी सातपर्यंत येईन म्हणाली — रोज. भाजी झाकून ठेवली होती. मी हो किंवा नाही म्हटलं नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं.