दार नीट लागत नाही

४ मे १९५४, पांगारवाडी
आजपासून रोज लिहायचं. बांधकाम खात्याच्या ऑफिसात शिपाई होतो तेव्हा साहेब रोज डायरी लिहीत. त्यांचं कधी काही चुकलं नाही.
घरामागच्या डोंगरावर, माथ्याच्या सपाट सड्यात, एक चीर दिसली. बोट जाईल एवढी. उन्हानं जमीन तडकते. काळजीचं कारण नाही. रात्री झोप लागली नाही, पण ती उकाड्यामुळं.

६ मे
चीर शेणमातीनं लिंपली. आता दिसत नाही. ओढ्यापलीकडचा केरबा बघत होता. ओरडला, "तात्या, डोंगराला पोतेरं घालताय व्हय?" कड्याखाली घर बांधू नका, असं मी घर बांधताना यानंच गावभर सांगितलं होतं. घर उभं आहे. अजून काय पुरावा पाहिजे?

१९ मे
सून बनाबाईचे दिवस आषाढात भरतात. तिचं माहेर इचलकरंजीला. पाठवायचं नाही म्हणालो. नातू याच घरात झाला पाहिजे. ठराव पक्का.
चीर पुन्हा उघडलीय. हात जातो. पुन्हा लिंपली. शेण कमी पडलं. चिमणाबाई म्हणाली, "शेणी लावाय तरी ऱ्हाऊ द्या. चुलीत काय डोंगर घालू?" इतक्या वर्षांच्या संसारात तिला टेक्निकल गोष्ट एकही कळली नाही.

२ जून
सड्यावर चर खणला. साहेबांच्या प्लॅनवर असे चर बघितलेत. पावसाचं पाणी घराकडं न येता बाजूला जाईल. "आबा, बाजूला म्हंजे चिरीतच जातंय की," असं आमचा मुलगा आकाराम म्हणाला. म्हटलं, मग चिरीला पिऊन टाकू दे, घरात तर येत नाही? तो गप्प बसला. पटलं असावं.

१६ जून
चार दिवस पाऊस. पुढचं दार लागत नाही. खाली घासतं. लाकूड फुगलं. ज्ञानू सुताराकडून तासून घेतलं.

२१ जून
दार पुन्हा घासतंय. पुन्हा तासलं.

२५ जून
आता दारावरून मांजर जाईल एवढी फट, आणि खाली घासतंच. ज्ञानूचं काम कच्चं. चिमणाबाई म्हणते, "दाराला कशापायी तासताय? दार हाय तसंच हाय. भिंत फिरलीया." भिंत कशी फिरेल? जांभ्याची आहे. तरी मागची भिंत बघून आलो. बघायला नको होती. चुना लावला.
परड्यातला फणस घराकडं झुकलाय. फळांचा भार. फळं उतरवली. फणस तसाच.

३० जून
मोठी गोष्ट. स्वयंपाकघरामागं जमिनीतून आपोआप झरा फुटला! बायका पाण्यासाठी ओढ्यावर घसरत जायच्या. आता गंगा आपल्या पायांनी परड्यात आली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, गूळखोबरं वाटलं. सगळी वाडी आली आणि वाकून पाया पडून गेली. केरबासुद्धा आला. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं आणि सोडलं. म्हणाला, "तात्या, पाणी तांबडं हाय." म्हटलं, कुंकू पडलंय. तर म्हणतो, "डोंगर इरघळल्यागत दिसतंय मला." माझं खोबरं तोंडात आणि बोलणं असलं.
झोपताना आठवलं. कुंकू मी नंतर वाहिलं. पाणी आधीपासून तांबडं होतं.
उद्यापासून आठवायचं नाही.

६ जुलै
म्हैस गोठ्यात शिरत नाही. चारी पाय रोवून पावसात उभी राहिली. शेपूट पिळलं, पेंड दाखवली, ओरडलो. शेवटी आकाराम तिला केरबाच्या गोठ्यात घेऊन गेला. तिथं धावत आत गेली म्हणे. जनावराला स्वाभिमान नसतो.
चिमणाबाई म्हणाली, "म्हशीला कळलं. आपुन कवा जायाचं?" सगळ्यांना बजावलं, या घरातून कोणी हलायचं नाही. सून अवघडलेली, अशा वेळी दुसऱ्याच्या दारात जायचं? तेही केरबाच्या? आवाज जरा चढला. आकाराम माझ्याकडं बघत नव्हता. सुनेच्या पोटाकडं बघत होता.

८ जुलै
पहाटे डोंगरातून आवाज आला. जात्यासारखा. वाडीत कोणी दळत नव्हतं. चिमणाबाईनं विचारलं, "ऐकलासा?" नाही म्हणालो.
खूप विचार केला. सगळ्याचं मूळ दार आहे. दार लागत नाही म्हणून घरातल्यांच्या मनात भीती शिरली. दार नीट लागलं की भीती बाहेर. ज्ञानूच्या हातात आता देणार नाही. गारगोटीच्या मिस्त्रीकडं स्वतः नेतो. उद्याच.

९ जुलै, गारगोटी
दार बिजागऱ्यांतून काढलं. आकारामनं डोक्यावरून गाडीवाटेपर्यंत आणून दिलं आणि परत गेला. तिथून बैलगाडी. निघताना चिमणाबाई उंबऱ्यात उभी होती. "घरात सून बाळंतपणाला टेकलीया, आणि घराचं दार घिऊन कुठं निघालासा?" म्हटलं, गोणपाट लाव, परवा येतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं केरबानं त्या पाण्याकडं.
मिस्त्रीनं गुण्या लावून बघितला. "पावणं, चारी बाजूंनी वाकडं केलंय की. कुणी तासलं?" ज्ञानूचं नाव सांगितलं. लाकडाची पट्टी जोडून सरळ करून देतो म्हणाला.
आज फार दिवसांनी पोटभर जेवलो. हवापालट.

११ जुलै, गारगोटी
दार झालं. सुंदर. पण पाऊस थांबेना, गाडीवाले निघेनात. घरची काळजी नाही. घराला मी आहे.
मी इथं आहे, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.

१२ जुलै
दार घेऊन आलो. ओढा ओलांडायच्या आधीच, स्वतःच्या घरासमोर केरबा उभा होता. लांबूनच ओरडायची त्याची सवय. आज ओरडला नाही. जवळ आला. म्हणाला, "तात्या, समदी माझ्याकडं हायती. बनाबाई, आकाराम, वैनी. समदी. आदी ह्ये ध्यानात घ्या, मग वर बघा."
वर बघितलं. फणस नाही. झरा नाही. घर नाही. कड्यापासून ओढ्यापर्यंत नुसता तांबडा चिखल, आणि मधे माझा चर होता त्या सरळ रेषेत डोंगर फाटलेला. काल भर दुपारी खाली आला म्हणे.
चिमणाबाई आदल्या दिवशीच सुनेला घेऊन निघून आली होती. बिनदाराच्या घरात बाळंतपण करणार नाही म्हणाली. आकारामनं भांडी आणली.
म्हणजे मी दार काढून नेलं म्हणून सगळी वाचली. याला दूरदृष्टी म्हणतात. केरबाला हे स्पष्ट सांगणार होतो. तोंड उघडलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. काढ म्हणालो नाही.

१३ जुलै
पहाटे नात झाली. केरबाच्या गोठ्यात, म्हशीच्या शेजारी. दोघी सुखरूप.
केरबाच्या घरामागं डोंगर नाही. दोनदा बघून आलो.
गोठ्याला दार नव्हतं, झड आत येत होती. चिमणाबाईनं माझ्या दाराकडं बोट केलं. मी आणि आकारामनं उचलून गोठ्याच्या तोंडाशी उभं केलं. घासलं नाही. फट राहिली नाही. जणू मापानं केलेलं. मी आत पाऊल टाकणार, तोवर चिमणाबाई म्हणाली, "तुमी भायेरच थांबा," आणि आतून मुसळ टेकवलं.
वळचणीला बसून लिहितोय. पाय भिजतायत.
दार नीट लागतं.