नवव्या नावापुढची खूण

सोमवार, ३ मार्च
आमच्या चर्चच्या मंडळीच्या जुन्या वह्या ग्रंथालयात गेल्या. सतरा वह्या, दोन पत्र्याच्या पेट्या. वाळवी लागायच्या आत एकेका पानाचा फोटो काढून ठेवणार म्हणे. चांगलंच आहे. पण मग ती निळ्या पुठ्ठ्याची वहीही त्यात आलीच. अठ्ठावन्न वर्षं ती कपाटात होती, तोवर मी निवांत होते.

पाळक म्हणाला, "मावशी, जुनं अक्षर लावायला तुम्हीच जा. तुमच्याइतकं जुनं आता कोण राहिलंय?" मेल्याला लाज नाही. जाते म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च
नुसता थाट! हात धुवा, कोरडे करा, पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, पेन बाहेर. आत फक्त पेन्सिल. तिथे काम करणारी मुलगी — मी तिला कागदवाली म्हणते — झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं पान उलटते. दिवसभरात चाळीस पानं. माझ्या हातात दिली असती तर दुपारच्या आत वही संपवली असती.

तिने विचारलं, "आजी, बाप्तिस्म्याच्या यादीत बाळांची नावं कशी नाहीत?"

"आम्ही बाप्टिस्ट. बाळाला काय कळतं? मोठं व्हायचं, स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं, मग हौदात उतरून अख्खं पाण्याखाली जायचं. तेव्हा कुठे सभासद. थेंब शिंपडून भागत नाही."

"तुम्हीही गेलात?"

"चष्मा दे तो इकडे," म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
निळी वही आली. पान सापडलं. चौदा नावं आधीच लिहून ठेवलेली, पाण्यातून वर आलं की नावापुढे बरोबरची खूण. खुणा तेरा. नववं नाव माझं — माहेरचं. पुढे काही नाही.

सोळा वर्षांची होते. हौदाचं पाणी काळं दिसलं, मागच्या दाराने पळाले. त्याच आठवड्यात पाळकाची बदली. नव्या पाळकाने यादी वाचली, मी "हजर" म्हणाले. झालं. तेव्हापासून सभासदांच्या सभेत मताला हात वर करतेय. वर चाळीस वर्षं हौदाच्या काठावर सगळ्यांचे टॉवेल धरतेय. मी!

कागदवाली म्हणाली, "इथे खूण करायची राहिली वाटतं." आणि दिवा आणायला गेली. हातात पेन्सिल. एक रेघ. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

नाही मारली. बाकीचे तेराजण खरेच भिजले होते, म्हणून असेल.

ती आल्यावर सांगितलं, "राहिली नाही. नाहीच ती. आहे तसा काढ फोटो."

शुक्रवार, ७ मार्च
धाकट्या बहिणीला फोन केला. यादीत दहावी ती. सगळं सांगितलं.

"माहीत आहे की," म्हणाली. "सगळ्यांच्या वेण्या गळत होत्या, तुझी कोरडी ठणठणीत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्या तोंडी कोण लागणार?"

शनिवार, ८ मार्च
पाळकाला सांगून टाकलं. उभ्याउभ्याच. सभासदांतून नाव काढायचं तर काढ म्हटलं. तो खालीच बसला. "मावशी, माझा टॉवेलसुद्धा तुम्हीच धरला होता." मग हसत सुटला. मला वाटलं, आता प्रवचन देतोय. तर म्हणे, "नाव काढायची कसली घाई? पाणी भरतो. पुढच्या रविवारी येता?"

आठ दिवस वाट बघायची!

बुधवार, १२ मार्च
निळी वही संपली. नववं नाव तसंच गेलं फोटोत. झोप बरी लागली.

रविवार, १६ मार्च
बुडाले. नाकात पाणी गेलं. वर आले तर काठावर टॉवेल घेऊन धाकटी, वेडी रडतेय. केस अजून ओले आहेत. वाळू देत सावकाश.