टाकीतला फडका

मिस्त्री, तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की अमरावतीत बडनेरा रोडवर तुमचं गॅरेज नेमकं कुठे होतं, हे मलाही आता अंदाजानेच दाखवावं लागतं. मी आता अकोल्याला असतो. बस डेपोत फोरमन होऊन निवृत्त झालो. आजही गल्लीत कोणाची गाडी चढावर ओढेनाशी झाली की माणसं मला हाक मारतात, आणि मी आधी विचारतो, "धूर कसा निघून राहिला?" समोरचा गोंधळतो. माझी मात्र छाती फुगते, कारण हा प्रश्न तुमचा आहे आणि तुमच्यानंतर तो मी विचारत आलो आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आमच्या घरानं बुद्धधम्म घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली होती, आणि अमरावतीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी आडनाव विचारून 'जागा नाही' असं सांगितलं होतं. तुम्ही आडनाव विचारलं नाही. एक गंजलेला नट दाखवून म्हणालात, "हा खोलून दाखव." उपकार केलेत असं मी म्हणणार नाही. तुम्हाला चांगला हात हवा होता आणि माझा हात चांगला होता. तुम्ही भिक्षुकाच्या घरचे; वडिलांची पोथी धाकट्या भावाकडे गेली आणि तुम्ही पाना उचललात. गाडीखाली शिरताना जानवं कशात अडकू नये म्हणून कानावर गुंडाळायचात. परसाकडे निघाल्यासारखं ते दिसायचं, म्हणून रस्त्यावरून कोणीतरी हटकून ओरडायचं, "मिस्त्री, लोटा विसरले ना बा!" त्यावर तुम्ही खालूनच जे सुनवायचात ते इथे लिहिता येत नाही.

परतवाड्याच्या त्या लाकूडवाल्या शेटजींचा ट्रक तुम्ही विसरला नसाल. मेळघाटातून लाकूड आणायला त्यांनी अकोल्याहून जुना डिझेल ट्रक घेतला होता. टाकीत गंज आणि गाळ, म्हणून ती आपल्याकडे साफ करून घेतली. आठवड्याच्या आत शेटजी लालबुंद होऊन परत आले. सपाटीवर गाडी पळते, घाट लागला की कितीही पाय दाबा, मरगळते. थोडा वेळ थांबवली की पुन्हा ठीक. अकोल्यातल्या कोणा मेकॅनिकनं पंप गेला, इंजिन खोला, असं सांगितलं होतं. माझ्याकडे न बघता शेटजी म्हणाले, "मिस्त्री, तुमी आजकाल कोणाच्याई हातात पाना देऊन राहिले. या पोट्ट्यानं काई बिघडवलं असन, त त्याले आजच हाकला." मी पंचवीस वर्षांचा, घरी आई, बायको, कडेवरची मुलगी, आणि यांच्या लेखी मी पोट्टा. दुसरं गॅरेज मला घेणार नव्हतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही हात पुसत एवढंच म्हणालात, "आधी गाडीत बसू. बसल्याबिगर मी इंजिनाले हात लावत नसतो."

आपण निघतो. ड्रायव्हर, मध्ये शेटजी, खिडकीशी तुम्ही, आणि मी मागे, वजनासाठी भरलेल्या वाळूच्या पोत्यांवर. परतवाडा मागे पडतं, घाट लागतो, आणि तिसऱ्या वळणावर गाडीतला जीव गेल्यासारखा होतो. तुम्ही खिडकीतून डोकं काढून ओरडता, "धूर पाह्य! कसा हाय?"

"धूरच नाई!" मी ओरडतो.

गाडी थांबते. तुम्ही खाली उतरता आणि सगळ्यांसमोर मला विचारता, "मंग काय समजलं?"

"हवा कमी असती त काळा धूर आला असता," मी म्हणतो. "डिझेलच पोचून नाई राहिलं."

"अन् पंप?"

"पंप गेला असता त थांबल्यावर कावून सुधरते?"

तुम्ही शेटजींकडे असं बघता, जणू मी तुमचा मुलगा आहे आणि शाळेत पहिला आलो आहे. त्या एका नजरेवर मी पुढे कितीतरी वर्षं काढली.

मग तुम्ही जानवं कानावर घेऊन खाली शिरलात आणि टाकीकडून येणारी नळी सोडली. धार येण्याऐवजी नुसतं ठिबकत होतं. नळीला तोंड लावून फुंकर मारलीत, टाकीत बुडबुड झालं आणि एकदम धार सुटली. टाकीतच काहीतरी होतं. इंजिनानं ओढ घेतली की ते नळीच्या तोंडावर येऊन बसायचं, ओढ थांबली की सुटायचं. ते काय असेल, हे तुमच्या आधी मला कळलं. टाकी मीच साफ केली होती, सळईला फडके बांधून. उघडताना फडके मोजायचे आणि बंद करताना पुन्हा मोजायचे, हा तुमचा नियम. त्या दिवशी घरी जायची घाई होती, मी मोजले नव्हते. तुम्ही तार वाकवून टाकीत घातलीत आणि फडका बाहेर ओढलात. हिरव्या काठाचा. गॅरेजला फडके मी घरून आणायचो. आईच्या जुन्या लुगड्याचा तो काठ तुमच्या रोजच्या बघण्यातला होता.

"टाकी कोनं साफ केली होती?" शेटजींनी विचारलं.

"म्या," तुम्ही म्हणालात. "माह्या हातून राह्यला. बसा आता, चिखलदऱ्यापर्यंत नेऊन दाखवतो."

आणि गाडी एका दमात चढली.

परतीच्या वाटेवर तुम्ही रागवाल म्हणून मी वाट पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "उद्या गिअरबॉक्स उतरवाचा हाय. लवकर ये." चार दिवसांनी मी एक वायसर उलटा बसवला तेव्हा मात्र गॅरेजभर ऐकू जाईल असे ओरडलात, "डोये फुटले काय बे तुहे?" ते ऐकून मला बरं वाटलं, इतकं की मी पलीकडे जाऊन तोंड धुतलं. फडक्याचा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत. शेटजींनी मात्र ती गोष्ट गावोगाव केली. अमरावतीपासून परतवाड्यापर्यंत तुम्हाला 'फडकेवाले मिस्त्री' म्हणू लागले. तीस वर्षं इंजिनं उघडली आणि लावली, आणि नाव पडलं ते असं. गिऱ्हाइकं टाकीकडे बोट दाखवून म्हणायची, "आत काई ठेवू नका बरं!" तुम्हीही हसायचात. खरं बोलून ताठ राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. खोटं बोलून इतका ताठ राहिलेला माणूस तुम्ही एकटेच. आणि अशा माणसाच्या हाताखाली मी तयार झालो, हे मी कोणापुढेही मान वर करून सांगतो.

तेवढंच सांगतो, फडका कोणाच्या हातून राहिला ते नाही. तुमचा मुलगा अजून अमरावतीत आहे. खरं तर हे त्याला नेऊन द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो. देणार नाही, हे लिहिता लिहिता कळत गेलं. तुमच्या तेराव्याला तुमच्याच अंगणात जेवणं चालली होती. शेटजींनी फडक्याची गोष्ट पुन्हा काढली, चांगली रंगवून सांगितली. मुलगा मान खाली घालून वाढत होता. तेव्हा मला डेपोत पक्की नोकरी लागलेली होती, कोणी हाकलणार नव्हतं, भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. पंगत हसली, मिस्त्री, आणि पंगतीबरोबर मीही हसलो.